पाच लिटर पाणी

माझा एक भाचा क्रूझने मुंबईहून गोव्याला जाऊन आला. निघण्याआधी त्याचा फोन आला. "मामू, बोटीवर आपली पाण्याची बाटली नेता येते. पण मधे किनाऱ्यावर उतरलो, तिथे ती भरून घेतली आणि परत चढलो, तर अडवतात का?" मला हसू आले. हा प्रश्न विचारायचा तो चुडाव्याच्या माणसाला! पूर्णा जंक्शन सोडून गाडी नांदेडकडे निघाली की आमचे लहानसे स्टेशन लागते. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. तरी या प्रश्नाशी आमच्या घराचा संबंध जुना आहे. माझे दादा आणि दादी 1978 साली बोटीने हजला गेले होते आणि परत येताना त्यांच्याकडे पाण्याने भरलेले दोन डबे होते.

भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर कंपनीगणिक बदलते. रिकामी बाटली बरोबर ठेवायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते. बाहेरून भरून आणलेल्या बाटलीकडे मात्र सुरक्षावाले दोनदा बघतात. पाण्याच्या नावाखाली दारू आत येऊ नये, हे एक कारण. बोटीवरच्या बारचा धंदा बुडू नये, हे दुसरे. ते कुणी मोठ्याने सांगत नाही एवढेच. तिसरे कारण म्हणजे किनाऱ्यावरचे पाणी कसे असेल याचा भरवसा नसतो. हे तिसरे कारण क्रूझपेक्षा फार जुने आहे. बोटीवरच्या पाण्याचे जे कायदे आज जगभर पाळले जातात, त्यांची एक मोठी मुळी हजच्या बोटींवर रुजलेली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

दख्खनचे लोक हजला पूर्वी दाभोळच्या बंदरातून जात. दाभोळच्या खाडीकाठी जी देखणी मशीद उभी आहे, ती विजापूरच्या एका राजकन्येने बांधली असे सांगतात. ती मक्केला निघाली होती, पण पुढचा प्रवास घडला नाही, म्हणून बरोबरचा पैसा तिने मशिदीला लावला, अशी आख्यायिका आहे. उत्तरेकडच्या लोकांसाठी सुरत होते. शिडाच्या जहाजाचा भरवसा वाऱ्यावर. वारा पडला की पिंपातले पाणी मोजून वाटायची वेळ येई.

वाफेची जहाजे आली, 1869 साली सुएझचा कालवा खुला झाला आणि चित्र पालटले. 1877 साली मुंबईत 'बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी' निघाली. हीच पुढे 'मोगल लाइन' म्हणून घराघरांत ओळखली गेली. पूर्वी ज्याला आयुष्यभराची पुंजी आणि कधी आयुष्यही लागायचे, तो प्रवास आता साध्या शेतकऱ्याच्या, विणकराच्या आवाक्यात आला. 1886 साली सरकारने हजयात्रेची व्यवस्था थॉमस कुक या सहलवाल्या कंपनीकडे सोपवून पाहिली. काही वर्षांतच कंपनीने त्यातून अंग काढून घेतले. गरीब डेक-प्रवाशांच्या यात्रेत श्रीमंतांच्या सहलीइतका फायदा कुठला असणार!

मराठवाड्याची वाट रेल्वेने सोपी केली. 1900 साली हैदराबाद ते मनमाड ही गोदावरी खोऱ्यातली मीटरगेज सुरू झाली. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होते. मनमाडला गाडी बदलायची, बोरीबंदरला उतरायचे, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात बोट लागेपर्यंत मुक्काम करायचा. मक्केतही निजामाच्या राज्यातल्या लोकांसाठी रुबात म्हणजे धर्मशाळा होती. आज राज्य राहिले नाही, निजाम राहिला नाही, पण त्या रुबातीवर मराठवाड्याच्या हाजींचा हक्क अजून मानला जातो.

या सगळ्या प्रवासात माणसाचा खरा सोबती म्हणजे त्याचे पाण्याचे भांडे. आपल्याकडे फिरकीचा तांब्या होता. झाकणाला आटे असलेला, कितीही हिंदकळला तरी न सांडणारा. कुणाकडे छागळ, कुणाकडे सुरई. स्वातंत्र्यापूर्वी रेल्वेच्या फलाटांवर 'हिंदू पानी' आणि 'मुसलमान पानी' असे दोन वेगळे पुकारे होत. त्यामुळे आपले भांडे आपल्याजवळ ठेवणे हा केवळ तहानेचा प्रश्न नव्हता. भरून घेण्याची बाटली ही पर्यावरणवाद्यांनी काढलेली नवी टूम नव्हे. विकत घेऊन फेकून द्यायची बाटली हीच नवी. तिचे आपल्या फलाटांवरचे वय फार तर तीस-पस्तीस वर्षांचे.

आता बोटीवरच्या पाण्याकडे येऊ. 1865 साली हजच्या काळात मक्केत पटकीची साथ पसरली. हजारो यात्रेकरू दगावले. जे वाचले ते आगबोटींनी घरी निघाले आणि त्यांच्याबरोबर पटकी सुएझला, तिथून काही महिन्यांत युरोपात आणि पुढे अमेरिकेत पोहोचली. जो रोग पूर्वी उंटाच्या चालीने हिंडायचा, तो आता वाफेच्या वेगाने हिंडू लागला. युरोपची झोप उडाली. 1866 साली इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि हजच्या बोटी जगाच्या नजरेत आल्या.

पटकी पाण्यातून पसरते हे लंडनच्या जॉन स्नो या डॉक्टरने 1854 साली ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावरून दाखवून दिले होते. रॉबर्ट कॉख याने 1884 च्या सुरुवातीला कलकत्त्याच्या एका तलावातल्या पाण्यात पटकीचा जंतू शोधला. हिंदुस्थान सरकारला मात्र ही गोष्ट लवकर पटली नाही. पटली असती तर बंदरे अडवावी लागली असती, व्यापार अडला असता. अशा वेळी यात्रेकरूच्या हातातल्या डब्याकडे बोट दाखवणे सोपे असते.

तसेच झाले. 1881 च्या सुमारास जेद्दाच्या ब्रिटिश वकिलातीमार्फत झमझमच्या पाण्याचा नमुना लंडनला गेला. एडवर्ड फ्रँकलंड या नामांकित रसायनशास्त्रज्ञाने तो तपासून पाणी सांडपाण्यासारखे दूषित असल्याचे सांगितले. तुर्की सरकारच्या बाजूने हा निष्कर्ष नाकारण्यात आला. मुस्लिमेतरांना मक्केत प्रवेश नव्हता. म्हणजे नमुना कोणी काढला, कोणत्या भांड्यातून, किती हात बदलत आला, हे तपासणाऱ्याला ठाऊक असणे कठीण होते. पण म्हणून फ्रँकलंडला केवळ द्वेष्टा ठरवणेही बरोबर नाही. दाट वस्तीतल्या उघड्या विहिरीचे पाणी त्या काळात दूषित होणे अशक्य नव्हते, मग ती विहीर मक्केतली असो की पंढरपुरातली. श्रद्धेने पाण्याचे मोल वाढते, त्यातले जंतू कमी होत नाहीत. आमच्या लोकांना हे ऐकायला आवडत नाही, पण ते खरे आहे. गंमत अशी की, काही वर्षांनी, 1896 साली, आग्ऱ्याचे सरकारी शास्त्रज्ञ हँकिन यांनी गंगेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात असे प्रसिद्ध केले. एका नदीला प्रमाणपत्र, एका विहिरीवर ठपका! दोन्ही बातम्या ज्याने त्याने आपापल्या सोयीने वापरल्या.

1882 पासून हिंदुस्थानातून जाणाऱ्या हाजींना तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर उतरवत. कपडे वाफेच्या भट्टीत, माणसे आंघोळीला, आणि मग काही दिवसांची वाट पाहणी. इजिप्तच्या बाजूने परतणाऱ्यांसाठी सिनाईच्या किनाऱ्यावर अल-तूर येथे असेच ठाणे होते. तिथे 1905 साली मरण पावलेल्या हाजींच्या तपासणीत पटकीच्या जंतूचा एक वेगळा प्रकार सापडला. 1961 पासून जगभर फिरणारी पटकीची साथ याच प्रकाराची, आणि आजही त्याला 'एल टोर' म्हणतात. ज्यांच्या शरीरातून तो मिळाला, त्यांची नावे त्या नावात नाहीत.

पण याच काळात एक चांगली गोष्टही घडली आणि तिचे श्रेय द्यायला हवे. 1894 साली पॅरिसला खास हजच्या प्रवासाचा विचार करण्यासाठी परिषद झाली. या परिषदेतून आणि नंतरच्या करारांतून हजच्या बोटीवरच्या पाण्याचे नियम तयार झाले. 1926 च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य करारात ते स्वच्छ शब्दांत आहेत. प्रत्येक यात्रेकरूला, मग तो म्हातारा असो की पोर, रोज किमान पाच लिटर पिण्याचे पाणी मिळाले पाहिजे, आणि तेही फुकट. बोटीवर समुद्राचे पाणी उकळून गोडे करणारे यंत्र असले पाहिजे, आणि त्याची ताकद माणशी पाच लिटरची असली पाहिजे. पाण्याबद्दल शंका असेल तर ते उकळून घ्यावे आणि वाटेत पहिले चांगले बंदर लागताच कप्तानाने ते समुद्रात ओतून नवे भरावे.

हिशेब करून पाहा. बोटीवर हजार हाजी असतील तर दिवसाला 5,000 लिटर. दहा दिवसांच्या प्रवासाला 50,000 लिटर. ते टाक्यांत साठवायचे किंवा वाफेच्या यंत्राने तयार करायचे, म्हणजे कोळसा जाळायचा. जहाजमालकाला हा खर्च नकोच असणार. म्हणून 'फुकट' हा शब्द मला त्या सगळ्या करारातला सर्वात मोलाचा वाटतो. डेकवर पथारी टाकलेल्या माणसाला तहान लागली, तर तिचा सौदा करता येणार नाही, असे जगातल्या सरकारांनी लिहून ठेवले. आजच्या महागड्या क्रूझवर थंड पाण्याच्या बाटलीला वेगळे पैसे लावतात, तेव्हा मला हे कलम आठवते.

किनाऱ्यावर हा नियम नव्हता. जेद्दा हे गोड्या पाण्याला पारखे शहर. पावसाचे पाणी टाक्यांत साठवायचे आणि विकायचे. परतीच्या बोटीची वाट पाहणारे हाजी तिथे दिवसेंदिवस पडून असत आणि पाणी विकत घेत. 1907 साली तुर्कांनी तिथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचे यंत्र बसवले. 'कंडेन्सर' या इंग्रजी शब्दाचे अरबांनी 'किंदासा' करून टाकले आणि ते नाव शहराच्या तोंडी बसले. पुढे 1947 साली नळाने गोडे पाणी आले, तेव्हा कुठे जेद्दाची तहान भागली.

अशा पाण्याच्या टंचाईतून माणूस घरी निघतो, आणि बरोबर काय नेतो, तर पाणीच! मक्केत वाळवंटात बाळ इस्माईलला तहान लागली, पाण्यासाठी त्याची आई हाजरा सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावली आणि बाळाच्या पायाशी झरा फुटला, ही झमझमची कथा. आजही प्रत्येक हाजी त्या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालतो. पाण्यासाठी धावणारी बाई म्हणजे काय, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते.

झमझम दूरदेशी नेण्याची रीत जुनी आहे. 1853 साली वेश पालटून मक्केला गेलेल्या रिचर्ड बर्टन याने वेताचे वेष्टन असलेल्या, तोंडे मोहोरबंद केलेल्या मातीच्या बरण्यांतून हे पाणी परमुलखात जाते, असे नोंदवले आहे. स्वतः बर्टनला त्या पाण्याची चव मुळीच आवडली नव्हती. नंतर पत्र्याचे डबे आले. मक्केतले कारागीर डबा भरून त्याचे तोंड कथलाने झाळून देत. या डब्याला झमझमी म्हणत.

दादा-दादीचे दोन डबे असेच झाळलेले होते. परतीच्या बोटीत दादीने ते उशाशी ठेवले होते. प्यायला बोटीवरचे पाणी, डब्यातल्याला हात लावायचा नाही. शेजारच्या पथारीवरच्या बाईने एकदा विचारले, एक डबा फोडू या का, तर दादी म्हणाली, "ये पानी नै बाई, अमानत है." मुंबईच्या बंदरावर कस्टमवाल्याने डबे कानाशी धरून हलवून पाहिले. तो सोन्याच्या चोरट्या आयातीचा काळ होता. आतून खळखळ ऐकू आल्यावर त्याने ते परत केले आणि हळूच म्हणाला, "आजी, माझ्यासाठी पण दुवा मागा." दादी हा किस्सा शेवटपर्यंत सांगायची.

मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. गावच्या तांबटाने अंगणात पहिला डबा उघडला. दादीने मोठ्या पातेल्यात विहिरीचे पाणी घेतले आणि त्यात झमझम मिसळले. एवढ्या लोकांना पुरणार कसे? मिसळले तरी बरकत कमी होत नाही, अशी आमच्याकडची समजूत. मग वाट्यावाट्यांनी ते घरोघर गेले. शेजारच्या काकूंकडेही गेले. काकूंच्या देवघरात काशीहून आणलेला गंगेचा गडू होता, तोही असाच झाळलेला. काशीहून आल्यावर त्यांनी मावंदे घातले, तेव्हा आम्ही सगळे जेवायला होतो. त्यांनी झमझमची वाटी दोन्ही हातांनी घेतली, प्यायल्या आणि म्हणाल्या, "आमच्या नाथांनी तर अख्खी कावड गाढवाला पाजली होती." पैठणच्या एकनाथ महाराजांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ती कथा मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. दादी लक्ष देऊन ऐकत होती. दुसऱ्या डब्यातले पाणी मात्र तिने कफनावर शिंपडण्यासाठी राखून ठेवले. 

हजच्या बोटींचे खास नियम हळूहळू संपले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1951 च्या नियमावलीत हजप्रवासाची वेगळी परिशिष्टे होती. 1956 साली ती काढून टाकण्याचे ठरले आणि आरोग्याची जबाबदारी सौदी सरकारने घेतली. कामरानचे ठाणे त्याआधीच बंद झाले होते. पण पाण्याची टाकी कशी असावी, बंदरावर पाणी कसे भरावे, शंका आल्यास काय करावे, हा विचार सगळ्या प्रवासी जहाजांच्या नियमांत राहिला. आजच्या क्रूझवर समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे असतात, पाण्याची तपासणी होते. या व्यवस्थेचे पहिले धडे डेकवरच्या गरीब हाजींच्या जिवावर गिरवले गेले.

मोगल लाइन पुढे सरकारी झाली आणि 1986 साली शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. मुंबई-जेद्दा बोट 1995 साली बंद पडली. आता सगळे हाजी विमानाने जातात. विमानात तर पाण्याच्या बाटलीवर बोटीपेक्षा कडक पहारा. झमझमचे डबे कुठे गळत, कुठे वजनात अडत. 2010 साली मक्केत राजे अब्दुल्ला यांच्या नावाचा झमझम प्रकल्प सुरू झाला. विहिरीचे पाणी गाळून, निर्जंतुक करून यंत्राने बाटलीबंद होऊ लागले. फ्रँकलंड आणि दादी, दोघांचेही समाधान व्हावे असा हा तोडगा. तरी कुरबूर संपली नाही. जुलै 2019 मध्ये एअर इंडियाने जेद्दाहून हैदराबाद-मुंबईला आणि कोचीला येणाऱ्या आपल्या विमानांत झमझमचे डबे नेता येणार नाहीत असे जाहीर केले. विमाने बदलली होती, जागा कमी होती. एवढी ओरड झाली की काही दिवसांतच कंपनीने निर्णय फिरवला आणि दिलगिरीही व्यक्त केली. हाजीला डबा मिळतो तो पाच लिटरचा. 1926 च्या करारात एका दिवसाच्या तहानेसाठी ठरवलेला आकडाही पाचच. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नसावा, पण मला हा योगायोग आवडतो.

जानेवारी 2018 मध्ये हजचे सरकारी अनुदान बंद झाले. त्याच महिन्यात तत्कालीन मंत्री मुख्तार अब्बास नक्वी यांनी समुद्रमार्ग पुन्हा सुरू करायला सौदीने होकार दिल्याचे सांगितले. सुमारे 2,300 सागरी मैलांचे अंतर नव्या बोटी तीन-चार दिवसांत कापतील, चार-पाच हजार माणसे एका वेळी नेतील, असे निवेदनात होते. जुन्या बोटींना 12 ते 15 दिवस लागत, असेही त्यात म्हटले होते. दादी मात्र दहा-अकरा सांगायची. अजून तशी बोट निघालेली नाही. मुंबईत बॅलार्ड पिअरला 2025 साली क्रूझसाठी नवे चकचकीत टर्मिनल मात्र झाले.

भाच्याला मी एवढेच सांगितले की बाटली रिकामी ने आणि बोटीवरच भर, तिथले पाणी चांगले असते. चुडाव्यात आता वर्षाकाठी कुणी ना कुणी हजहून किंवा उमराहून येते. पाच लिटरचे पाणी वाटून संपते. तो प्लॅस्टिकचा डबा मात्र कुणी टाकत नाही. त्याला सुतळी बांधतात, बोअरचे पाणी भरतात आणि कापूस वेचायला शेतावर नेतात.